कॉमन सेन्स वरून येतो

शाळेत एकतीस वर्षं काढली की किस्से ढिगानं साठतात. सांगायला बसलो की लोक पोट धरून हसतात. मला मात्र हल्ली हसू येत नाही. चीड येते.

राहाता तालुक्यातली आमची शाळा. मी विज्ञान शिकवतो. आमच्या हेडसरांचा लाडका शब्द म्हणजे 'कॉमन सेन्स'. पोरगं वही विसरलं, "कॉमन सेन्स नाही?" शिपाई उशिरा आला, "कॉमन सेन्स नाही?"

एकदा स्टाफरूममध्ये वाद पेटला, की हा कॉमन सेन्स मुळात येतो कुठून? मराठीच्या बाई म्हणाल्या, "सरळ तारतम्य म्हणा की!" मी कुठंतरी वाचलेलं सांगितलं. जुने विद्वान म्हणायचे, डोळे, कान, नाक, जीभ, कातडी या पाचांनी आणलेली खबर जिथं एकत्र होते, तो कॉमन सेन्स.

हेडसर बशीतला चहा संपवत म्हणाले, "ते जुनं झालं. आता तो वरून येतो. परिपत्रकातून!"

आम्ही हसलो. ते थट्टा करत नव्हते.

*

हात धुण्याचा दिवस होता. फोटो अपलोड करायचा आदेश. नळाला चार दिवस पाणी नव्हतं. हेडसरांनी पोरं नळापुढं रांगेत उभी केली आणि कोरडेच हात चोळायला लावले!

पाचवीतली एक पोरगी म्हणाली, "सर, पानी न्हाई."

"फोटोत कुठं दिसतंय? हास!"

त्या फोटोला तालुक्यातून शाबासकी आली.

*

शेजारच्या उसात बिबट्या दिसला. मी धावत ऑफिसात गेलो. म्हटलं, पोरांना आधी वर्गात घ्या. हेडसर म्हणाले, "लेखी द्या."

मी दिलं. मुकाट्यानं. वर दिनांक टाकला, खाली सही ठोकली. तोवर बिबट्याही कंटाळून गेला असेल.

*

एप्रिलमधला शनिवार. सकाळच्या शाळेचा आदेश सोमवारपासूनचा. पत्रे तापून लाल, सातवीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली. खिचडी शिजवणाऱ्या मार्थामावशींनी तिला उचललं, अख्खा वर्ग लिंबाखाली नेऊन बसवला.

हेडसर तणतणत आले, "कोणाला विचारून नेलं?"

"सावलीला इचारलं," मावशी म्हणाल्या.

ते हेडसरांच्या मनात राहिलं.

*

आणि आता हे ऐका. जूनमध्ये नवं पोतं फोडलं आणि मावशी मला हाक मारायला आल्या. "सर, तांदळाला वास येतोय. फवारनीच्या औषधाचा." मी हुंगलं. येत होता. मावशींनी त्या दिवशी चूलच पेटवली नाही.

घोटाळा असा, की आमच्याकडं चवीचं रजिस्टर असतं. आधी शिक्षकानं खिचडी चाखायची, शेरा लिहायचा, मग पोरांना वाढायची. हेडसर महिन्याचे सगळे शेरे एक तारखेलाच लिहून मोकळे व्हायचे. त्या दिवशीचाही होता, 'चव उत्तम'. शिजलीच नाही, तर चव उत्तम कशी? म्हणजे दोष कुणाचा? मावशींचा! चौकशी लागली. नवरा गेल्यापासून त्यांचं घर याच कामावर चाललेलं.

शाळा सुटल्यावर चौकशीचे साहेब आले. "बाई, वास ओळखण्याचं प्रशिक्षण झालंय तुमचं?"

"न्हाई साहेब. नाक हाय."

मी म्हणालो, "साहेब, मलाही वास आला होता."

"मग तुम्ही तक्रार का नाही केलीत?"

काय सांगणार? भ्यालो होतो. पेन्शन दोन वर्षांवर आली होती. माझी मला लाज वाटली.

साहेबांनी अहवाल लिहून मोठ्यानं वाचला. तांदूळ खाण्यायोग्य. बाईंना कामावरून कमी करावं.

मावशी म्हणाल्या, "साहेब, धा मिंटं थांबा. त्याच पोत्यातला भात लावते. तुमी एक घास खा आन् मग सही करा. मी गपगुमान घरी जाते."

त्यांनी भात शिजवला, ताट साहेबांपुढं ठेवलं. वाफ वर आली. साहेबांनी घास उचलला, तोंडाजवळ नेला आणि थांबले. घास परत ताटात ठेवला, रुमालाला हात पुसला.

"आज माझा उपवास आहे," साहेब म्हणाले, आणि सही केली.