पट्टीखालच्या डोळ्याने पाहिलेलं

आमच्या घरी कुणी नजर काढायला बसलं की त्यातल्या मिरच्या उचलून मी फोडणीत टाकायचे... इतका माझा या गोष्टींवर विश्वास! त्यात मी ऑप्टोमेट्रिस्ट. माणसाला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे मोजणं हीच माझी नोकरी, बारा वर्षं तेच करतेय. त्यामुळे खालचं वाचून कुणी हसलं तर माझी हरकत नाही. मीही हसले असते.

छत्रपती संभाजीनगरात गारखेडा भागात आमचं डोळ्यांच्या पडद्याचं, म्हणजे रेटिनाचं हॉस्पिटल आहे. नाव सांगत नाही. तळमजल्यावर रिसेप्शन आणि तपासणी, पहिल्यावर ऑपरेशन थिएटर, दुसऱ्यावर बायकांचा वॉर्ड. सहा कॉट, आणि वॉर्डाला लागूनच लेझरची अंधारी खोली. हे एवढं लक्षात असू द्या.

गेल्या हिवाळ्यात रंजनाताई आपल्या धाकट्या बहिणीला घेऊन आल्या. रंजनाताई चिकलठाण्यात एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या करतात. बहीण छाया, तिशीची, कन्नडजवळच्या खेड्यात दिलेली. उजवा डोळा काळानिळा, सुजून बंद.

"शेळीचं शिंग लागलं," छाया म्हणाली.

मी पापणी उघडून टॉर्च मारला. उजेड आहे एवढंच तिला कळत होतं. बोटं मोजता येईनात. सोनोग्राफी केली तर आतला पडदा कडेने फाटून पूर्ण सुटलेला. आमच्या डॉक्टर सरांनी मग डावा, चांगला डोळाही तपासला. तिथे नसेच्या बाजूला पांढरी चंद्रकोर होती, जुन्या माराची. जखम भरते, ही खूण जात नाही.

"ही शेळी बरीच वर्षं मारतेय," सर शांतपणे म्हणाले.

 रंजनाताईंचा बांध फुटला. "कशाची शेळी, साहेब! नवरा हाय तिचा. जीप चालवतो. चाक खोलायच्या पान्यानं हाणलंय. पाच दिवस घरातच ठेवली हिला, मी चोरून आणली. त्याला कळलं तर जित्ती ठेवायचा नाय."

मला भयंकर राग आला होता.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. पडदा बसवला, कडेने लेझर मारला आणि तो चिकटून राहावा म्हणून डोळ्यात गॅस भरला. या ऑपरेशनची खरी परीक्षा नंतर असते. गॅसचा बुडबुडा वर उठतो, म्हणून पेशंटने तोंड खाली करून उपडं राहायचं, तेव्हा तो पडद्याला दाबून धरतो. जेवताना, झोपताना, दिवस-रात्र. मान वर गेली, पडदा पुन्हा सुटला, की डोळा गेला. छायाला शेवटच्या कॉटवर मधे भोक असलेल्या उशीवर उपडं ठेवलं. उजव्या डोळ्यावर पट्टी आणि वर प्लास्टिकची जाळी. डाव्याने दिसायची ती फक्त फरशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी रंजनाताई ड्युटीवर गेल्या. छायाजवळ कुणी नव्हतं, आणि उपड्या पेशंटला माणूस लागतोच. मी रिसेप्शनवर गेले, फाईल उघडली, नातेवाइकाच्या रकान्यातला नंबर लावला. रोज दहा वेळा करतो तसाच. एका पुरुषाने उचलला. मला वाटलं, रंजनाताईंचे मिस्टर.

"छायाताईंसाठी कुणीतरी पाठवा हो," मी म्हटलं. "दुसरा मजला, शेवटची कॉट."

 "कोणता दवाखाना म्हणाल्या?" एवढंच त्याने विचारलं. मी पत्ता सांगितला. अगदी खाणाखुणांसकट!

मग ओपीडी सुरू झाली आणि मी विसरले. तासाभराने वॉर्डात गेले तर छाया उपडीच, पण तिने चादर मुठीत आवळून धरली होती.

"मॅडम, आमचे मालक यायलेत."

"कुणी सांगितलं?"

"दिसायलंय. पट्टीच्या डोळ्यानं. जीप दौलताबादच्या घाटात हाय. निळा शर्ट, उजवी बाही उसवल्याली. पाना मांडीवर घेतलाय."

गॅस भरलेल्या डोळ्याला पाण्यातून बघितल्यासारखं काहीतरी हलताना दिसतं, तेही पट्टी काढली तर. मी तिला तसं समजावलं. भीतीने असं होतं, तोंड खाली ठेव, म्हणून जरा दरडावलंसुद्धा.

"व्हय," ती म्हणाली. "पण तुमच्या डाव्या मनगटाला रक्त हाय. धुवा."

मी मनगट बघितलं. घड्याळ होतं, बाकी काही नाही. पण तो सकाळचा आवाज एकदम आठवला. त्याने दवाखाना कोणता, हे का विचारलं? रंजनाताईंच्या घरी ते माहीत नसेल?

धावत खाली गेले, फाईल काढली. पेशंटचा मोबाईल आणि नातेवाइकाचा मोबाईल, दोन्ही रकान्यांत एकच नंबर. छायाकडे स्वतःचा फोनच नव्हता. रिसेप्शनच्या मुलीने "घरचा नंबर?" विचारलं आणि लग्नापासून रेशन दुकानात, बँकेत, दवाखान्यात जो एकच नंबर ती सांगत आली होती, तोच तिने घडाघडा सांगितला होता. तिला पाठ तेवढाच होता. आणि मी तो लावला होता.

पोलिसांना फोन केला. सर थिएटरमध्ये एकाचा डोळा उघडून बसलेले, त्यांना हलता येत नव्हतं. वॉचमन शेख मामांना गेटवर सांगितलं, निळा शर्ट दिसला तर आत सोडू नका. मग मी आणि सिस्टरने छायाला वाकलेल्या अवस्थेतच लेझरच्या खोलीत नेलं, दोन स्टुलं जोडून उपडं केलं. सिस्टर वॉर्डातल्या बाकी बायकांना वर गच्चीच्या जिन्यात न्यायला गेली.

"काहीही ऐकू आलं तरी मान वर करायची नाही," मी छायाला म्हटलं.

"नाय करत."

त्या दाराची कडी आठवडाभरापासून तुटलेली होती. मी बाहेर येऊन दार ओढलं आणि मूठ धरून उभी राहिले.

तो आला. आधी खालून शेख मामांची आरोळी ऐकू आली, "अरे पकडो इसको!" आणि मग काहीतरी फुटल्याचा आवाज. नंतर कळलं, मामांच्या खांद्याचं हाड. जिन्यावरून तो चढला तेव्हा मी बघितलं... निळा शर्ट. उजवी बाही उसवलेली. हातात चाकाचा पाना.

तो सरळ शेवटच्या कॉटकडे गेला. पांघरुणाचा ढीग होता, त्यावर त्याने पाना घातला. एकदा, दोनदा... मी मोजले नाहीत. भोकाची उशी फाटून स्पंज बाहेर आला. सलाइनचा स्टँड वाकला, बाटली फुटली. तोंडाने एक शब्द नाही, नुसता धापा टाकत मारत होता. कॉट रिकामी आहे हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो वळला आणि त्याला मी दिसले.

"हट," तो म्हणाला.

मी हटले नाही. मी शूर वगैरे नाही हो. पाय हलत नव्हते एवढंच. त्याने पाना उगारला, मी तोंडापुढे डावा हात केला. घड्याळाची काच मनगटात घुसली आणि आत हाड मोडलेलं मला ऐकू आलं. उजवी मूठ मात्र सुटली नाही.

दुसरा घाव बसला नाही. गच्चीच्या जिन्यात नेलेली वॉर्डातली फुलंब्रीची एक म्हातारी, एका डोळ्याला पट्टी, परत आली होती. जेवणाचा स्टीलचा डबा तिने त्याच्या कानशिलात घातला. "मुडद्या! बाईवर हात टाकतो?" मग पेशंटचे नातेवाईक तुटून पडले. त्याला असा तुडवला, असा तुडवला की नंतर पोलिसांनाच त्याला वाचवावं लागलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. अजूनही वाटतं.

लेझरच्या खोलीचं दार उघडलं तर छाया स्टुलावर उपडी. खाली फरशीवर डाव्या डोळ्याच्या पाण्याचं थारोळं. मान तसूभर वर नव्हती.

तो आत आहे, केस चालू आहे. माझं मनगट जुळलं, थंडीत दुखतं. पण ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते पुढेच आहे. तो फोन मीच लावला, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सरांना नाही, पोलिसांना नाही, रंजनाताईंना तर नाहीच. त्याला पत्ता कसा कळला, असं सगळे म्हणत राहिले आणि मी गप्प बसले.

दोन महिन्यांनी छाया पुन्हा तपासणीला आली. गॅस विरघळलेला, पडदा बसलेला. उजव्या डोळ्याने तिने तक्त्यावरच्या चार ओळी सांगितल्या. मी फाईल पुढे ओढली आणि नंबर विचारला, तर हसून म्हणाली, "आता माझा सोताचा हाय." एकेक आकडा सावकाश सांगितला, मी लिहिला.

"अजून काही दिसतं का गं, तसलं?" मी विचारलं.

"नाय. गॅस गेला तसं बंद झालं." मग माझ्या मनगटाकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी पहिलं तुम्हीच दिसल्या होत्या, मॅडम. खाली, फाईल घेऊन, फोन लावताना. पिवळी ओढणी होती."

ओढणी पिवळीच होती. फोन लावून वर येताना जिन्यात तिच्यावर चहा सांडला, म्हणून काढून ठेवली होती. छाया दोन मजले वर होती, फरशीकडे तोंड करून.

 "मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलायचं? दारबी तुम्हीच धरून उभ्या दिसल्या ना."

ती औषधाची चिठ्ठी घेऊन गेली. मी तिथेच बसून रडले, बाहेर पेशंट खोळंबले होते तरी. सरांना विचारलं, पुस्तकं बघितली. पट्टीखालून असं दिसल्याची नोंद कुठेच नाही. दोन महिने तिला सगळं माहीत होतं, आणि दर तपासणीला ती मला आधी विचारायची, "मनगट कसं हाय?"