होम पेपर आणि आमची खोली

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चौथी पास की नापास, ते मी कुणाला सांगत नाही आणि विचारणाऱ्याला चहाही विचारत नाही. पण केमिकल इंजिनिअरिंगचा एक अख्खा पेपर माझ्या खोलीत, माझ्या ट्रंकांवर, माझ्या डोळ्यांदेखत झाला. तो कसा झाला हे तपासणाऱ्या मास्तरांना माहीत नाही. म्हणून हे लिहून ठेवतो.

धाकटा भाऊ शेवटच्या वर्षाला होता. एक दिवस कॉलेजातून आला तो काखोटीला एक भलामोठा लाकडी बोर्ड घेऊन. म्हणाला, "दादा, होम पेपर मिळाला."

"म्हणजे काय?"

"घरी सोडवायचा पेपर. एक कारखाना काढायचा. हिशेब करायचा, कागदावर त्याचं ड्रॉइंग करायचं आणि नेमल्या तारखेला नेऊन द्यायचं. वर्गात कोण बसवत नाही, पहारा नाही. आपल्या मनानं, आपल्या घरी."

मामा, म्हणजे आमच्या आईचा भाऊ, भिंतीला टेकून विडी ओढत होता. तो म्हणाला, "घरचो पेपर? मगे मास्तर येवन खय बसतलो? चुलीपाशी?"

सगळे हसले. मी हसलो नाही. कारण 'घरी' हा शब्द ऐकताच मी आमच्या खोलीकडे बघितलं.

लालबागची खोली. त्यात मी, माझी बायको, धाकटा, मामा आणि आमच्या गावचे दोघं. ते दोघं खानावळीच्या बोलीवर राहायचे. आम्ही पुरुष सगळे गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागांवर, धाकटा सोडून. एवढी माणसं त्या खोलीत कशी मावतात असं शिकलेले लोक विचारतात. मावतच नाहीत. पण गिरणीच्या तीन पाळ्या असतात. मी सकाळी उठून गेलो की रात्रपाळीचा मामा येऊन माझ्याच वळकटीवर पडणार. मामा उठला की गाववाले येणार. खोलीत एका वेळी सगळे असे कधी नसायचेच. गिरणीच्या भोंग्यावर आमची खोली श्वास घ्यायची.

त्या हिशेबानं मी धाकट्याला जागा करून दिली. खिडकीखाली दोन ट्रंका, त्यावर बोर्ड. दुपारी पहिली पाळी बाहेर, मामा झोपलेला, ही नळावर. तेवढा वेळ ती जागा त्याची. फी माफ होती त्याची, पण नापास न होण्याच्या अटीवर. वर्ष गेलं की माफी गेली, आणि माफी गेली की तो माझ्या शेजारच्या साच्यावर. हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही. बोलायची गरज नव्हती.

त्याला कॉस्टिकचं पाणी आटवायचा कारखाना मिळाला होता. एकापुढे एक तीन मोठी बंद भांडी. पहिल्या भांड्याला बाहेरून वाफ द्यायची. त्यातून जी वाफ निघेल ती फुकट जाऊ न देता दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. तिन्ही भांडी एकाच मापाची यायला पाहिजेत, ही त्यात गोम. आधी अंदाज धरायचा, स्लाइड रूल सरकवत सरकवत आकडे काढायचे, आणि शेवटी तिसऱ्या भांड्याचं माप जुळलं नाही तर परत पहिल्यापासून नवा अंदाज. मी म्हटलं, "हे काय शिक्षण झालं? आधी अंदाज, मग चूक, मग परत अंदाज?"

"चुकीवरूनच पुढचा अंदाज धरतात, दादा."

"आमच्याकडे चुकीवरून मुकादम पगार कापतो."

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. मुंबई देणार नाही असं वर दिल्लीत ठरतंय म्हणून गिरणगाव पेटलेलं. हरताळ झाला, गिरण्या बंद पडल्या. भोंगा थांबला, आणि आमची सगळी माणसं एकदम घरात आली.

मग गोळीबार झाला आणि कर्फ्यू लागला. आता घरातली माणसं बाहेरही जाईनात.

पहिल्या दिवशी धाकट्यानं पेन्सिलीचं ड्रॉइंग संपवून शाईला हात घातला. चिमट्यासारखं पेन असतं त्याचं, त्यात काळी शाई भरून पट्टीच्या कडेनं रेघ ओढायची. हात न थांबवता, एका दमात. त्यानं ओढायला घेतली, आणि गाववाल्यांपैकी एक पाणी प्यायला उठला. आमच्या चाळीची जमीन फळ्यांची. एक माणूस चालला की कोपऱ्यातली भांडी वाजतात. रेघेला शेपूट फुटलं. धाकटा ब्लेड घेऊन तेवढी शाई खरवडत बसला. त्याची मान बघूनच मला समजलं.

मी म्हटलं, "धाकटा पेन उचलेल तेव्हा कुणी हलायचं नाही. खाली ठेवलं की काय ते उठा, खोका, पाणी प्या."

बायको म्हणाली, "आणि दूध उतू गेलं तर?"

"जाऊ दे."

"भावोजी, त्या तुमच्या बोर्डावर आज भाकरी थापू का? तेवढीच एक जागा उरलीय."

धाकटा हसला, आणि त्या हसण्यात पेन हलू नये म्हणून आधी पेन खाली ठेवलं.

हलायचं नाही हे जमलं. गप्प बसायचं हे जमेना. साचेखात्यातल्या माणसाला हळू बोलता येत नाही. जन्मभर साच्यांच्या खडखडाटात ओरडून घसा आणि कान दोन्ही गेलेले. मामाची कुजबूज तिसऱ्या खोलीत जायची. पण एक विद्या आमच्याकडे होती. गिरणीत ओरडूनही भागत नाही तेव्हा आम्ही ओठ हलवतो आणि हात करतो. अंगठा तोंडाकडे म्हणजे चहा. मिशीला पीळ म्हणजे मुकादम आला. छातीपाशी दोन बोटं वाकडी म्हणजे धोटा अडकला. मामानंच सुरुवात केली. त्यानं हातानं विचारलं, विडी ओढू? मी हातानं सांगितलं, पेन खाली आल्यावर. आणि मग त्या खोलीत आवाज न करता गप्पा, भांडणं, टवाळी सगळं चालू झालं. बायकोला खुणा कळेनात. ती म्हणायची, "माझ्यावरच बोलताय ना मेले?" बोलत होतो तिच्यावरच, सुकटीत मीठ नव्हतं म्हणून.

हे वाचताना गंमत वाटेल. तेव्हा वाटत नव्हती. खिडकी बंद, कारण रस्त्याकडच्या खिडकीत डोकं दिसलं तर पोलीस बंदूक रोखायचे. दाराबाहेर गॅलरी, गॅलरीत माणसं, खाली घोषणा. "मुंबई आमची" असा आवाज उठला की माझ्या अंगातलं रक्त उसळायचं. मी त्या मोर्च्यांना पहिल्यापासून जाणारा माणूस. आणि मी इथं, मांडी घालून, रेघ वाळायची वाट बघत. पाय मुंग्यांनी भरलेले.

दुसऱ्या दिवशी समोरच्या चाळीतला माझा दोस्त, रिंगखात्यातला, गॅलरीतून ओरडला, "काय रे वाघा! आत काय अंडी उबवत बसलायस?"

मी उठायला गेलो. मामानं माझं धोतर पकडलं. ओठांनी म्हणाला, "तू गेलंस तर मी पण जातलंय. हे दोघेय जातले. मगे जमीन हालतली."

पोलिसांच्या भीतीनं कोण घरात बसून होतं त्याचं मला माहीत नाही. मला घरात बसवलं ते एका रेघेनं. दोस्ताकडे पाठ करून मी परत मांडी घातली. त्यानंतर तो कितीतरी दिवस माझ्याशी नीट बोलला नाही, आणि मीही त्याला कारण सांगितलं नाही. कारण सांगत फिरायचा माझा स्वभाव नाही.

पेपर द्यायच्या आदल्या दिवशी ड्रॉइंग संपत आलं होतं. तिन्ही भांडी, त्यांना जोडणारे नळ, सगळं काळं कुळकुळीत, छापल्यासारखं. अक्षरं तेवढी राहिली होती. तेव्हाच खालच्या गल्लीत अश्रुधुराचं नळकांडं पडलं.

आमच्या चाळीतल्या बायका त्याला तयार असत. हंडे, कळश्या, पिंपं भरलेली, उंबऱ्यावर ओली पोती. नळकांडं पडलं की गॅलरीतून वरून पाणी ओतून ते विझवायचं. आमच्या डोक्यावर राहणारी काकी या कामात सगळ्यांच्या पुढे. त्या दिवशी धूर गॅलरीत शिरला, डोळे मिटले, धावपळीत तिचा भरला हंडा तिच्या खोलीत खिडकीपाशीच कलंडला. तिची जमीन तेच आमचं छत. फळ्यांच्या फटीतून पाणी आलं ते सरळ बोर्डावर.

धाकट्यानं अंगानं बोर्ड झाकला. पण तिसऱ्या भांड्यावर पडायचं ते पडलं होतं. शाई पसरली. नळ, भांडं, झडप, सगळ्याचं मिळून एक डबकं झालं.

मी उठलो. आता हलायला कसली बंदी? जिना चढून गेलो. काकीला काय काय बोलायचं ते जिन्यातच तोंडात गोळा झालं होतं. ती दारात उभी होती, लुगडं चिंब, डोळे लाल, धारा लागलेल्या. मला बघितल्याबरोबर तिनं ओलं फडकं माझ्या हातात कोंबलं. "ह्या घे, धाकट्या झिलाच्या डोळ्यांक लाव. तुमच्यात धूर इलो काय?"

मी फडकं घेऊन खाली आलो. ती माझंच काम करत होती. मी जिथं असायला पाहिजे होतो तिथं ती होती.

धाकट्यानं तोवर बोर्डावरच्या कागदाच्या पिना काढल्या होत्या. मी म्हटलं, "मी येतो तुझ्याबरोबर. मास्तरांना सांगू, असं असं झालं."

"होम पेपरला कारण लिहायला जागा नसते, दादा."

"मग दुसरा कागद?"

"कुठलं दुकान उघडंय?"

त्यानं कागद टिपून, चुलीच्या धगीवर सुकवून उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूनं बोर्डावर लावला आणि पहिली रेघ परत काढायला घेतली. वरून ठिबक चालूच होती. बायकोनं परात काढली. मी ती दोन्ही हातांनी बोर्डाच्या वर धरून उभा राहिलो. थेंब परातीत वाजायला लागले तसं तिनं त्यात काकीचंच फडकं टाकलं. मग आवाज नाही. मामा, गाववाले, बायको, सगळे आपापल्या जागी दगडासारखे. माझे दंड आधी दुखले, मग जळले, मग माझे राहिले नाहीत. मामा खुणेनं म्हणाला, मी धरतो. मी मान हलवली, नको. परात हातातून हातात जाताना कलंडली असती तर? आणि खरं सांगायचं तर मला ती सोडायची नव्हती. बाहेर जाऊन छाती पुढे करता येत नव्हती, निदान हात वर धरता येत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काही तासांसाठी कर्फ्यू उठला. ट्राम नाही, बस नाही. बायकोच्या धुवट लुगड्यात ड्रॉइंग गुंडाळून आम्ही दोघं चालत निघालो. परळ नाक्यावर हवालदारानं अडवलं. गुंडाळी उघडायला लावली.

"काय हे?"

"कारखाना आहे, साहेब."

"कुठं?"

"कुठंच नाही. कागदावर."

त्यानं कागद उलटा केला. मागे डबकं झालेला पहिला कारखाना. "आणि हा?"

"हा बुडाला," मी म्हटलं. हवालदार माझ्याकडे बघत राहिला. मग हातानं जा म्हणाला.

कॉलेज दादरच्या पलीकडे. तिथं झाडं, शांतता, जणू दुसरा मुलूख. फाटकाजवळ फळ्यावर कागद लावला होता. धाकट्यानं वाचला आणि तिथंच थांबला. गडबडीमुळे पेपर द्यायची मुदत एक आठवडा पुढे ढकलली होती.

मी म्हटलं, "असू दे. आपला झालाय ना? देऊन टाक."

तो कागदाकडे बघत होता. "नाही देत."

"डागासाठी? मागून थोडासा दिसतो, तेवढं कोण बघतो?"

"डागाचं नाही, दादा. तिसरं भांडं जुळलेलं नाही. दोन्ही वेळा मी आकडा जुळवून घेतला. वेळ नव्हता म्हणून. आता वेळ आहे."

"कुणाला कळणार आहे?"

"पहारा नाही ना," तो म्हणाला.

मला राग आला. त्यानं मला नाही म्हटलं असं त्याच्या जन्मात पहिल्यांदा झालं होतं. माझे दंड अजून वर होत नव्हते, आणि तो मला परत त्या खोलीत चल म्हणत होता, ज्या खोलीतून आम्ही नुकते सुटलो होतो. फाटकाबाहेर मी त्याच्या चार पावलं पुढं चालत सुटलो. दादरला एक दुकान अर्धी फळी उघडून बसलं होतं. तिथं त्यानं नवा कागद घेतला. मी बाहेर उभा राहिलो. नव्या कागदाची गुंडाळी मात्र मीच घेतली, तो काखेत चुरगाळतो.

पुढं तो पास झाला. लांबच्या गावी कारखान्यात लागला, तिथं त्याला क्वार्टर मिळालं, त्यात जेवायची खोली वेगळी. मी एकदा जाऊन आलो. पण मला आठवतं ते त्या दिवशीचं दार.

कर्फ्यू पुन्हा लागायच्या आत आम्ही घरी पोचलो. मामा दारातच होता. पाय मोकळे करून आलेला, हजामत केलेली, गाववाल्यांबरोबर मोर्च्याची खबर काढायला निघायच्या तयारीत. त्यानं हातानंच विचारलं, दिला?

तोंडानं सांगायला मला जड गेलं. मी हातानं सांगितलं, नाही. आठवडा आणखी.

मामानं नव्या कागदाकडे बघितलं. मग धाकट्याकडे, जो ट्रंका खिडकीखाली ओढत होता. विडी चपलेखाली विझवली, आत गेला, आणि आपल्या त्याच फळीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला. गाववाले त्याच्या मागोमाग आले. बायको चुलीपाशी सरकली आणि म्हणाली, "परात हाताशीच ठेवलीय."