व्हाळातली काळुंदरे

बाबा गेले तेव्हा डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचे सांगितले. आम्ही ते मान्य केले. आईने केले नाही, पण हे आम्हाला फार उशिरा कळले.

बाराव्यानंतर नातेवाईक नुस्ते, म्हणजे मासे, घेऊन येतात आणि घरातले शिवराक, बिनमाशांचे जेवण, संपते, अशी आमच्याकडची रीत. आत्या बांगडे घेऊन आली. आईने सगळ्यांसाठी त्यांचे नारळाच्या रसातले हुमण केले, वाढले, आणि स्वतः डाळभातावर जेवली. मन नसेल, असे आम्हाला वाटले. पण पुढेही तसेच चालले. ती मासे साफ करी, तळी, आम्हाला आग्रह करी. तिचे ताट मात्र शिवराकच राही.

एका दुपारी मी वाचत बसले होते आणि ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारले, "मीच घातले काय गो त्यांच्या पोटात?"

मला अर्थ लागायला थोडा वेळ लागला.

सर्वण गावात आमच्या घरामागे शेते आहेत आणि शेतांपलीकडे व्हाळ, म्हणजे ओढा. थोडे पुढे तो नदीला मिळतो, भरतीचे पाणी तिथून वर येते आणि त्याबरोबर काळुंदरेही. बाबांना या चपट्या, काळसर माशांचे वेड होते. लोहखनिजाच्या खाणी चालू होत्या त्या वर्षांत व्हाळ पावसाळाभर तांबडा वाहायचा. बाबांनी तेव्हा मासे धरायची गरी माळ्यावर टाकली होती. खाणी थांबल्यावर पाणी हळूहळू निवळले आणि गेल्या हिवाळ्यात त्यांनी गरी पुन्हा खाली काढली. ते काळुंदरे आणीत, आई रवा लावून तळी, ते मिटक्या मारत खात. आम्ही इतर बाजारचेच खायचो. उन्हाळ्याच्या तोंडाला बाबा गेले. तेव्हापासून आई मनात हाच हिशेब मांडत होती: खाणींचे विष माशांत, आणि मासे तिच्या हातून बाबांच्या पोटात.

"डॉक्टर हृदय म्हणाले ना?" मी म्हटले.

"डॉक्टरला पोटातले काय ठाऊक?"

माझी वहिनी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. रविवारी ती आणि भाऊ म्हापशाहून आली तेव्हा मी तिला बाजूला घेऊन हे सांगितले. ती आईची समजूत घालायला गेली नाही. तिने विचारले, "व्हाळात अजून काळुंदरे मिळतात?"

मग तिने मला समजावले. बाटलीत भरलेले पाणी त्या घटकेपुरते बोलते. मासा त्या पाण्यात महिनोन्महिने श्वास घेत असतो, खात असतो. पाणी वाईट असेल तर कल्ल्यांवर चिकट थर धरतो, त्यांची टोके सुजतात, यकृताचा रंग बिघडतो, पर झिजतात. मासा धड आहे की नाही पाहिले, की पाण्याची बरीच कथा कळते.

पुढच्या रविवारी भाऊ पहाटेच व्हाळावर गेला आणि बादलीत जिवंत काळुंदरे घेऊन आला. बादली विहिरीपाशी ठेवली. "आई, हे तुझ्या सुनेला बघायचेत," एवढे सांगून तो अंघोळीला गेला. वहिनी तपासायच्या सामानाची पेटी आणि चिमटे काढून बाहेर आली तेव्हा बादली रिकामी होती. पाटावर काळुंदरे ओळीने पडली होती. खवले काढलेली, पोट साफ केलेली, मीठ-हळद चोळलेली.

"आई, हे काय केलंत?"

"तुला बघायचे होते ना? ती घाण तशीच देऊ तुझ्या हातात? माहेरी सांगशील, सासू नुस्तेसुद्धा साफ करून देत नाही."

"आणि आतले? कल्ले, यकृत?"

"मांजराने खाल्ले. काळीज म्हटले की जीव टाकते ते."

"अहो, तेच तर बघायचे होते मला!"

भाऊ डोके पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "आता मांजर तपास." वहिनी पायरीवर बसून हसत सुटली. आईला आधी राग आला, मग तीही पदर तोंडाला लावून हसली. बाबा गेल्यापासून ती हसलेली मी पाहिली नव्हती.

दुसऱ्या खेपेला भाऊ बादलीपाशी राखण करत उभा राहिला. वहिनीने आईला शेजारीच बसवून घेतले. एकेक मासा मोजला, तोलला, उघडला. कल्ल्यांच्या कडा सुट्या आणि लाल होत्या, थर नव्हता. यकृत गुळगुळीत, एका रंगाचे. एका माशाचा पर फाटलेला निघाला तेव्हा आईने माझा हात घट्ट धरला. "भांडलाय कुणाशी तरी," वहिनी म्हणाली, "बाकीच्यांचे पर बघा, धड आहेत." हात सैल झाला.

वहिनीने तेवढ्यावर निकाल दिला नाही. मासा धडधाकट दिसला तरी मांसात धातू साठू शकतो, म्हणून तिने मांसाचे तुकडे बर्फात घालून तपासायला नेले. ते दिवस आई सारखी फोनकडे बघायची. शेवटी वहिनी स्वतःच आली आणि उंबऱ्यातच म्हणाली, "आई, मासे निरोगी आहेत. मांसातही भ्यायसारखे काही नाही. बाबांना तुम्ही वाईट काही घातले नाही."

आईने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "दर खेपेला ते आणखी एक मागायचे. मी नाही म्हणायची, रात्रीला ठेवूया म्हणून." आणि थोड्या वेळाने, "द्यायला हवे होते."

त्या दुपारी भाऊ पुन्हा व्हाळावर गेला. आईने काळुंदरे साफ केली, रवा लावला, तळली. आम्हाला वाढून झाल्यावर तिने एक स्वतःच्या ताटात घेतले. आम्ही कुणी तिच्याकडे पाहिले नाही, भाऊ तर उगाच मिरचीबद्दल बोलत राहिला. तिने काटा काढला, घास घेतला, चावला. मग हात लांब करून तव्यावरचे आणखी एक घेतले.

दाराशी मांजर ओरडत होते. "थांब रे," आई त्याला म्हणाली, "तू तर सगळ्यांच्या आधी खाल्लेस."