तीन वाजताच्या वाट्या

तीन बायका दर तीन तासांनी एकाच खोलीत, एकाच बाकावर, हातात स्टीलची वाटी घेऊन बसल्या की काय साठतं? दूध साठत नाही. किस्से साठतात!

माझी मुलगी सातव्या महिन्यातच झाली, सव्वा किलोची. नगरच्या एका दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि आम्हा आयांना शेजारच्या खोलीत. ओढून प्यायची ताकद त्या पोरांत नव्हती. म्हणून आम्ही हातानं दूध काढायचं, वाटीवर आपल्या नावाची चिकटपट्टी लावायची आणि सिस्टर दारात येऊन नाव पुकारतील तेव्हा वाटी द्यायची. आत नळीनं ते दूध बाळाच्या पोटात जायचं. महिनाभर मी तिथं होते; हे किस्से पहिल्या बारा दिवसांतले. मैत्रिणी विचारतात, "काय गं, कंटाळा नाही आला?" कंटाळा! ऐका.

* * *

पहिल्या दिवशी मी अर्धा तास घामाघूम होऊन बसले. छाती दाबून दाबून बोटं दुखायला लागली. शेवटी वाटीचं बूड जरासं ओलं झालं. मी अभिमानानं वाटी सिस्टरांच्या हातात दिली.

सिस्टरांनी आत पाहिलं. "अगं यास्मिन, धुतलीस ते ठीक. पण पुसून तरी आणायची!"

"सिस्टर," मी म्हटलं, "ते दूध आहे."

त्यानंतर त्या माझ्याशी जरा हळू बोलायला लागल्या. मला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

* * *

माझ्या सासूबाई, म्हणजे अम्मी, भिंगारहून सकाळ-संध्याकाळ रिक्षानं यायच्या. आयांच्या खोलीत नातेवाइकांना मनाई. मग त्या दारातूनच डबा पुढं करायच्या. मेथीचे लाडू, अळिवाची खीर, पायाचं सूप. "खा. उतरेल दूध."

मी खात होते. रडत रडत खात होते, पण डबा संपवत होते.

आठवड्यानं वजनं झाली. माझं दीड किलोनं वाढलं होतं आणि मुलीचं चाळीस ग्रॅमनं कमी झालं होतं! अम्मींनी दुसऱ्या दिवशी डब्यात लाडू एक जास्त ठेवला.

* * *

खोलीत माझ्याबरोबर कॉलेजात शिकवणाऱ्या मनीषा मॅडम होत्या. त्यांनी ऑनलाइन इलेक्ट्रिकचा पंप मागवला होता. घर्र घर्र आवाज करायचा. किती मिली निघालं ते मॅडम वहीत लिहायच्या. एकदा ऐन मध्यात लाईट गेली आणि पंप बंद.

तिसरी सुनीता. सुप्याच्या पुढच्या एका वाडीतली. नवरा तिकडच्याच कंपनीत कामाला, घरी चार गाई. तिची वाटी पाच मिनिटांत भरायची. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं लाईट गेली तरी गाय दूध देती!"

मॅडम इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की कधी रडायला लागल्या ते आम्हाला कळलंच नाही.

* * *

हा किस्सा मी फार कमी लोकांना सांगितलाय. सहाव्या दिवशी माझ्या वाटीत पुन्हा थेंबच होते. शेजारी सुनीताची वाटी भरलेली. सिस्टर यायची वेळ झाली होती. मी बाटली उचलली आणि वाटीत दोन झाकणं पाणी ओतलं. माझ्या स्वतःच्या मुलीच्या दुधात!

तेव्हा डोक्यात एवढंच होतं की आज कुणी माझ्याकडं तसं बघायला नको.

सुनीतानं माझ्या हातातून वाटी घेतली, जराशी तिरकी केली आणि काठावरून ओघळ कसा उतरतो ते पाहिलं. मग उठली आणि सगळं बेसिनात ओतून दिलं.

"आमच्या डेअरीत असलं दूध परत देत्यात," ती म्हणाली. "आन् ते तर मोठ्या मानसांच्या चहाचं दूध असतंय."

तिनं हे कुणालाही सांगितलं नाही. माझी वाटी धुऊन, पुसून माझ्या मांडीवर ठेवली.

* * *

त्या दिवसापासून सुनीता मागं लागली. "माझ्यातलं घे की गं! माझं आन् माझ्या पोराचं भागून उरतंय."

सिस्टर गरजल्या, "ही काय भिशी आहे का? डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय दुसरीचं दूध आत जाणार नाही!"

दाराबाहेरून अम्मीही गरजल्या, "आमच्यातही असं सहज चालत नाही हां! दूध पाजलं की तीही आई होते. तिची मुलं आपल्या मुलाची सख्खी भावंडं होतात. तिचं नाव-गाव जन्मभर लक्षात ठेवावं लागतं. उद्या लग्न जुळवताना घोटाळा नको!"

"काकी," सुनीता म्हणाली, "पोरांनी अजून डोळं नीट उघडलं न्हाईत आन् तुमी लगीन कसलं जुळवताय!"

त्या दिवशी सिस्टरही हसल्या होत्या.

* * *

वाट्यांचं एक होतं. वाटी रिकामी परत आली म्हणजे बाळाला दूध पचतंय. तशीच भरलेली परत आली की समजायचं, आत काहीतरी बिनसलंय. त्यामुळं वाट्या परत यायची वेळ झाली की आमचं बोलणं बंद व्हायचं. तिघी दाराकडं बघत बसायचो.

अकराव्या दिवशी बाराला सुनीताची वाटी भरलेली परत आली. तीनला आली. सहालाही आली.

बाराव्या दिवशी सकाळी तिचा मुलगा गेला.

नवरा आणि दीर बाळाला घेऊन गावी गेले. सुनीताचे टाके अजून ओलेच होते, डॉक्टरांनी तिला सोडलं नाही. ती आमच्यातच बाकावर बसून राहिली. पण तिच्या छातीला कुणी काही सांगितलं नव्हतं! ब्लाऊज भिजून पदर भिजला. तिची चुलत सासू दारातून म्हणाली, "तरनी हाय, हुईल दुसरं." त्या बाईला मी अजून माफ केलेलं नाही.

* * *

त्याच दिवशी दुपारी तीनला सिस्टर दारात आल्या आणि सवयीनं पुकारत गेल्या. "मनीषा! यास्मिन! सुनीता!"

तिसरं नाव तोंडातून गेलं आणि त्या जागीच थिजल्या. मनीषा मॅडमनी डोळे मिटले.

"हाय मी," सुनीता म्हणाली आणि उठली. तिच्या हातात वाटी होती. काठोकाठ भरलेली. वर चिकटपट्टीही लावलेली.

माझ्या वाटीत नेहमीचा ओलावा.

"हिच्या पोरीला द्या," सुनीता म्हणाली. "न्हाईतर तुमच्या हातानं बेसिनात वता. मी न्हाई वतनार."

सिस्टर सुनीताची फाइल घेऊन डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेल्या. मी दाराकडं पाहिलं. अम्मी बाहेर उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता नाही म्हणतील. सिस्टर सही घेऊन परत आल्या, तेव्हा अम्मी त्यांना वाट द्यायला बाजूला सरकल्या.

वाटी आत गेली. आम्ही तिघी दाराकडं बघत बसलो.

वाटी परत आली. रिकामी.

सुनीतानं ती हातात घेतली आणि बराच वेळ आत बघत राहिली.

तेवढ्यात अम्मी आत आल्या. बारा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी उंबरा ओलांडला. सिस्टरांनी अडवलं नाही. अम्मी सुनीताशेजारी बसल्या, पर्समधून छोटी डायरी काढली आणि पेनाचं टोपण काढलं.

"बेटी, पूर्ण नाव सांग. गाव सांग."

सुनीतानं सांगितलं. अम्मींनी लिहून घेतलं.

"आणि मुलाचं?"

"बारसं झालं न्हवतं, काकी."

"मनात तर ठेवलं असशील."

सुनीतानं पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं काढला.

"ओंकार."

अम्मींनी लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. "ओंकार. बरोबर?"

"बरोबर," सुनीता म्हणाली.