थोरलीचं नाव

लग्नात माझं नाव बदललं, त्याचं कारण एवढंच की थोरल्या जावेचं नावही तेच होतं. सांगवीच्या त्या घरात ती माझ्याआधी आलेली, म्हणून नावावर हक्क तिचा. "एका नावाच्या दोन बाया म्हंजी हाकंला घोटाळा," असं सासूबाई म्हणाल्या आणि विषय मिटला. ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीनं नवं नाव लिहिलं, पाव्हण्यारावळ्यांनी वाकून वाचलं. मला कुणी विचारलं? छे! ती दोन्ही नावं मी इथं लिहिणार नाही. लोकांनी बक्कळ वापरून झालीत.

सुरुवातीला नुसती तारांबळ. सासूबाईंनी आतून थोरलीला हाक मारली की मी "ओ" देऊन पळत सुटायची. "तुला न्हाय गं, थोरलीला!" सगळं घर हसायचं. सासरे ओसरीवरनं म्हणायचे, "धाकटीचं कान अजून म्हायारीच हायती." पण एकदा पाव्हण्यांच्या पंगतीत भाताचं पातेलं खाली ठेवून मी तशीच धावले, आणि सासूबाईंनी आत नेऊन असं काही झाडलं की विचारू नका. मग मी कानाला वळण लावलं. ते नाव ऐकू आलं की बसल्या जागी गच्च बसायचं, पदर दातात धरायचा, पण उठायचं नाही. पुढं पुढं पदर धरायचीही गरज उरली नाही.

कविता मी इंदापूरच्या कॉलेजात असल्यापासून करायची. सासरी कागद हातात दिसला की "काय चाललंय गं?" सुरू. म्हणून म्हशीची धार काढताना ओळी जुळवायच्या आणि तोंडपाठ ठेवायच्या. अख्ख्या घरात ती म्हैस तेवढी निमूट ऐकून घ्यायची. त्यातली एक कविता त्या ताटातल्या तांदळांची होती.

नाव लिहिलेल्या तांदळांची खीर
मीच वाढली पंगतीला.
सगळे म्हणाले, गोड झालीय.
कुणी विचारलं नाही, तू जेवलीस का.

ही कविता मला एकदा माणसांसमोर मोठ्यानं म्हणायची होती. छापून नको, शाल नको, काही नको. माझ्या आईबापानं ठेवलेल्या नावानं उभं राहायचं आणि म्हणायची, बस्स. नाहीतर मी आतल्या आत कुजून जाईन असं वाटायचं. वाटायचं कसलं, कुजतच होते. पाणी शेंदायला गेले की विहिरीत जरा जास्तच वेळ बघत राहायची.

तेवढ्यात कॉलेजात कविसंमेलन ठरलं. आमच्या मराठीच्या बाईंना मी अजून आठवत होते. त्यांनी माझ्या भावाला बाजारात गाठून सांगितलं, "तिला घेऊन ये, तिचं नाव घातलंय मी." माहेरचा माणूस न्यायला आल्याशिवाय सुनेनं हलायचं नसतं, म्हणून दादा मुराळी होऊन आला. ओसरीवर चहा पीत म्हणाला, "आईचा गुडगा लई धरलाय. दोन रोज धाडा हिला." कवितेतला 'क'सुद्धा काढला नाही त्यानं. सासूबाई माझ्याकडं बघत म्हणाल्या, "आन् गुरांचं कोन बघनार?" तर थोरली चुलीपुढनंच बोलली, "जाऊ द्या की आत्याबाई, मी हाय." तिच्या पाया पडायची तेवढी राहिले.

बारामतीच्या स्टँडवर गाडी बदलली. इंदापूर येईस्तोवर खिडकीकडं तोंड करून मी कविता घोकत होते. शेजारच्या म्हातारीला वाटलं जप चाललाय. तिनं मला हात जोडले.

कॉलेजचा हॉल तसाच होता. मी मागं बायकांत बसले, डोक्यावर पदर. दादाला असल्या गोष्टींत रस नाही, तो बाहेर चहाच्या गाड्यावर थांबला. एकेक कवी उठत होता. मी ओठांतल्या ओठांत खीर, पंगत, खीर, पंगत करत होते.

सूत्रसंचालकानं एक नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. पुढं बसलेल्या आमच्या मराठीच्या बाईंनी वळून सगळ्या हॉलवर नजर फिरवली. त्यांना दोन वेण्यांची पोरगी ठाऊक, पदरातली मी त्यांना दिसलेच नाही. आणि मी? मीही मान वळवून दाराकडं बघत होते. मनात म्हटलं, कुठली भवानी आहे ही, एवढं पुकारतात तर उठायला काय होतं हिला? "गैरहजर दिसतात," सूत्रसंचालक म्हणाला. पुढचे एक गृहस्थ उठले आणि त्यांनी नारीशक्तीवर कविता म्हटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

त्या टाळ्यांतच शेजारची बाई माझ्याकडं झुकली. "तुमीबी कविता करता व्हय? नाव काय तुमचं?"

मी सासरचं नाव सांगितलं. तोंडातून ते बाहेर पडलं आणि टाळ्या वाजवणारे माझे हात तिथंच थांबले. अगं बाई, मघाशी पुकारलेलं नाव माझंच होतं, माहेरचं. मलाच पुकारत होते! मी कान गच्च मिटून बसले होते, घरात बसायची तशी.

गर्दीतनं वाट काढत पुढं गेले तर अध्यक्ष बोलायला उभे राहिलेले. सूत्रसंचालक हळूच म्हणाला, "आता कसं जमंल ताई? मघाशी कुठं होता?" काय सांगणार त्याला? इथंच होते म्हणून? भाषण संपलं, आभार झाले, सतरंज्या गोळा व्हायला लागल्या. बाईंनी पाठीवरनं हात फिरवला, म्हणाल्या, "पुढच्या वर्षी नक्की." सासुरवाशिणीला कसलं आलंय पुढचं वर्ष! मी हॉलच्या मागं, नळापाशी जाऊन हुंदके देऊन रडले. दादाला कळेना काय झालं. तो आपला पुन्हापुन्हा विचारत होता, "म्हनली का कविता?"

ठरल्या दिवशी त्यानं मला सांगवीला आणून सोडलं. तो ओसरीवर सासऱ्यांपाशी टेकला. मी उंबऱ्याच्या आत पिशवी ठेवते न ठेवते, तोच माजघरातनं सासूबाईंची हाक आली. ते नाव.

"ओ! आले!" मी एवढ्या जोरात ओरडले की दारातल्या कोंबड्या उधळल्या. धावत माजघरात जाऊन उभी राहिले.

सासूबाईंनी वर बघितलं. "अगं, तुला न्हाय. थोरलीला."

"मलाच," मी म्हणाले. "मलाच मारली हाक तुमी."

थोरली गोठ्यातनं हात पुसत आली. तिनं आधी सासूबाईंकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. "हिलाच मारली, आत्याबाई," म्हणाली, आणि आली तशी मागं फिरली.