बाहेरचं काही ऐकू न येणारा हेडफोन

हसायचं असेल तर पोटभर हसा, पण आधी कप खाली ठेवा. मागच्या वेळी हाच किस्सा सांगताना एका दोस्ताच्या नाकातून चहा आल्ता. लोकांची लग्नं पत्रिकेवरून मोडतात, मानपानावरून मोडतात. माझं ठरत आलेलं लग्न मोडलं हेडफोननं! आणि तो हेडफोन मी स्वतः, चांगला पारखून, निवडून आणलेला.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी राहायला राजूरला आणि नोकरीला जालन्यात, एका बियाण्याच्या कंपनीच्या हापिसात. रोज यष्टीनं अप-डाऊन. सकाळची एक गाडी, संध्याकाळची एक गाडी. रस्ता असा, की जालन्यात खाल्लेला वडा राजूरपर्यंत पोटात जागच्या जागी राहिला तर नशीब समजायचं.

त्यात आमच्या आत्यानं माझ्यासाठी पिंपळगाव रेणुकाईचं स्थळ काढलं. मुलगी वंदना. बघायला गेलो तेव्हा सगळ्यांनी मला पगार विचारला, शेती विचारली. तिनं मात्र खाली मान घालून एकच विचारलं, "गाणे ऐकता का?"

मी म्हणालो, "हो." आणि तिथंच खलास झालो! आजवर मला कुणी आवडनिवड विचारलीच नव्हती हो. ही सोयरीक झालीच पाहिजे, एवढं एकच डोक्यात घेऊन मी घरी आलो.

आता खरं सांगू? आमच्या घरचा रेडिओ बापूंच्या ताब्यात. बापू म्हणजे माझे वडील. गळ्यात तुळशीची माळ, आणि रेडिओवर बातम्या आणि बाजारभाव सोडून काही लागलं की कान पकडणार. म्हणजे मी 'हो' म्हणालो ते अर्धं खोटंच होतं. ते खरं करावं म्हणून आखातातून आलेल्या एका मित्राचा जुना वॉकमन घेतला. बापू त्याला 'मशीन' म्हणायचे. मशीन झकास होती, फक्त तिचा हेडफोन मित्राच्या लेकरानं चावून चोथा केला होता.

मंग काय, गेलो जालन्याच्या मस्तगड भागात, सलीमभाईंच्या दुकानात. म्हटलं, "भाई, सस्ता पाहिजे, टिकाऊ पाहिजे, आन् यष्टीत चालला पाहिजे."

त्यांनी आधी कानात खुपसायची बोंडं दाखवली. मी ती घालून दुकानातच, गाडीत बसल्यासारखे, धक्के खाऊन बघितले. पहिल्याच खड्ड्याला बोंडं बाहेर! दुसरा हेडफोन कानामागं आकड्यासारखा अडकायचा. पण आमच्या खानदानाचे कान असे, की दोन्ही आकडे घसरून खांद्यावर आले. मग त्यांनी तिसरा काढला. डोक्यावरून पट्टी, दोन्हीकडं स्पंजच्या जाडजूड गाद्या. कंपनीचं नाव नाही, गाव नाही, आणि खिशाला परवडणारा.

"ये लेके जाओ," सलीमभाई म्हणाले. "बाहर का बिलकुल सुनाई नै देता. बाजू में ढोल बजे तो बी नै. सुनाई दिया तो वापस लाना, बदल के देता मैं."

दुकानदार असं बोलतातच, म्हणून मी हसलो आणि घेऊन टाकला. आयुष्यात तेवढा एकच दुकानदार माझ्याशी शंभर टक्के खरं बोलला!

थंडीचे दिवस होते. पट्टी धक्क्यानं घसरू नये म्हणून मी वरून मफलर गच्च गुंडाळला. मशीन स्वेटरच्या आत. बाहेरून कुणाला काही कळायची सोय नाही. कव्वालीची कॅसेट लावली आणि संध्याकाळच्या गाडीत खिडकीशी बसलो. अहो, काय ते सुख! ज्या रस्त्याला रोज शिव्या घालायचो, त्याच रस्त्यावर मी डोळे मिटून डोलायला लागलो.

शेजारी एक पांढऱ्या टोपीवाले काका येऊन बसले. थोड्या वेळानं माझ्याकडं बघून त्यांचे ओठ हलायला लागले. आता तुम्हीच सांगा, मफलर सोडायचा, हेडफोन काढायचा, मशीन बंद करायची, एवढी उठाठेव कोण करणार? आणि तीही कव्वाली अशी रंगात आलेली असताना? यष्टीत माणूस माणसाला काय विचारतो, हे मला तोंडपाठ होतं. मी आपला अंदाजानं उत्तरं द्यायला लागलो.

पहिला प्रश्न ठरलेलाच, रोज जाता का? मी म्हणालो, "रोज! सकाळी एक, संध्याकाळी एक!"

काका चमकले. परत ओठ हलले. त्रास होत नाही का, असंच असणार. "आता सवय झाली!" मी म्हणालो. "उलट सकाळची चुकली की दिवस वाया जातो!"

मग या अप-डाऊनबद्दल घरचे काय म्हणतात, ते विचारलं असावं. "घरी सगळं माहीत हाय! आमच्या बापूंनीच सुरू करून दिलं. जवानीत ते बी रोज करायचे!"

नंतर जागेची चौकशी. "मिळाली तर बसून, न्हाई तर उभ्या उभ्या! एकदा तर वर टपावर बसून!"

हेडफोन घातलेला माणूस ओरडून बोलतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या बाकावरचे लोक वळून वळून बघत होते. मला वाटलं, काय गोड बोलतोय मी! कंडक्टर तर तिकिटाची पेटी छातीशी धरून ऐकत उभाच राहिला.

राजूर आलं. मी उठायला लागलो तसं काकांनी कळवळून शेवटचं काहीतरी विचारलं. खिडकीची जागा मागत असणार, दुसरं काय? "मी सोडली की तुम्हीच घ्या!" मी म्हणालो. "आरामात बसून घ्या!" त्यांच्या खांद्यावर थाप मारली आणि ऐटीत उतरलो.

रविवारी आत्या आली. जीपमधून उतरली तीच पदर खोचून.

"पल्ह्या, कधीपासून प्यायला लागला रे?"

"काय, चहा?"

"दारू! वंदनाच्या मामाला तूच सांगितलं न्हवं आपल्या तोंडानं? मोडली सोयरीक त्यायनं!"

आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. मुलगा पसंत पडला तरी लगेच सुपारी फुटत नाही. मुलीकडचा एखादा माणूस ओळख न देता येऊन चौकशी करून जातो. ते टोपीवाले काका म्हणजे वंदनाचे मामा! बघायच्या दिवशी ते नव्हते, म्हणून मी ओळखलं नाही; मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसले होते. मफलरमध्ये बांधलेला, डोळे मिटून डोलणारा, खिदळत ओरडणारा नवरदेव त्यांनी डोळ्यांनी बघितला होता. आत्यानं मग त्यांचे प्रश्न एकेक करून मला ऐकवले.

"त्यायनं इचारलं, घेता-बिता का काही? तू म्हणला, रोज, सकाळी एक, संध्याकाळी एक!"

"अगं, गाडी!"

"इचारलं, तब्येतीला तरास होत न्हाई का? तू म्हणला, सकाळची चुकली की दिवस वाया जातो!"

"गाडी गं आत्या!"

"इचारलं, घरी माहीत हाय का? तर म्हणं, बापूंनीच सुरू करून दिलं!"

इथं खाटेवर पडलेले बापू उठून बसले. हात गळ्यातल्या माळेकडं गेला. "म्या? म्या सुरू करून दिली?"

"आन् शेवटी बिचाऱ्यानं हात जोडून इचारलं, बाबा, लगीन झाल्यावर तरी सोडसाल का? तर ह्यो गधडा म्हणला, मी सोडली की तुम्हीच घ्या, आरामात बसून घ्या!"

वंदनाच्या कानावर काय काय गेलं असेल? जिनं एवढ्या मायेनं गाणं विचारलं, तिला काय वाटलं असेल? मला रडूच यायला लागलं. बरं, सलीमभाईंकडं तक्रार न्यावी तर कोणत्या तोंडानं? बाहेरचं ऐकू आलं तर बदलून देणार होता तो भला माणूस!

पण घरात बसून रडलो असतो तर सगळंच संपलं असतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, मशीन, हेडफोन आणि मफलर पिशवीत कोंबले आणि बापूंना घेऊन पिंपळगाव गाठलं. बापू वाटभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

मामा-मामी वंदनाच्या घरीच आलेले होते, मामा ओसरीवर बसलेले. मला बघून त्यांनी आधी हवेत नाक फिरवून वास घेतला. मी सरळ पाय धरले. "मामा, माझं काही ऐकू नका. फक्त हे ऐका." असं म्हणून त्यांची टोपी काढली, हेडफोन चढवला, वरून मफलर आवळला आणि कव्वाली सुरू केली.

मामा आधी घाबरले. मंग चेहरा फुलला. डोळे मिटले, मान डोलायला लागली, हात मांडीवर ठेका धरायला लागला. मी घरातल्या सगळ्यांना म्हणालो, "आता त्यांना कुणीबी काहीबी विचारा."

तेवढ्यात आतल्या दारातून वंदना पुढं आली. मामांच्या समोर उभी राहिली आणि हसू दाबत म्हणाली, "मामा, तुम्ही घेता का हो?"

मामांनी डोळे उघडून तिच्याकडं कौतुकानं बघितलं. "घेतो की बाई!" ते गरजले. "तू दिल्यावर न्हाई कशाला म्हणीन? या सोयऱ्यायला बी दे!"

आतून मामी धावत आल्या. "कधीपासून घेता हो?"

"लहानपणापासून!" मामा म्हणाले. "तुझ्या बापाच्या घरी तर गलास भरभरून!"

गोठ्यातली म्हैस दचकून उभी राहिली. मामींनी कपाळाला हात लावला. वंदना तर हसून हसून खालीच बसली. आणि बापूंनी त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं, "मंग आमचं पोरगं बरंच म्हणायचं."

मफलर सोडून मामांना सगळं सांगितलं. ते बिचारे चहाचं बोलत होते! एवढे हसले, एवढे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. तिथंच ओसरीवर सुपारी फुटली. निघताना वंदना हळूच म्हणाली, "कॅसेट आणखी हायेत का?" ते मला बराबर ऐकू आलं बघा, आणि मी येताना उडतच आलो असं समजा.

मशीन मात्र मामांनी परत दिलीच नाही. होणारे मामासासरे, मागणार कसं? मीही खुशीनं सोडली.

परतीच्या गाडीत नेमका तोच कंडक्टर. त्यानं मला नीट न्याहाळलं. आज मी ताठ बसलेलो, मान स्थिर, मफलर हातात. तो खाली वाकून म्हणाला, "काय पल्हादराव, आज घेतलेली दिसत न्हाई?"

माझ्या डोक्यात मशीनच! आणि जीव इतका खुशीत, की गाडीभर जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, "न्हाई! सासुरवाडीत देऊन आलो! मामासासऱ्यांना इतकी आवडली, सोडायलाच तयार न्हाईत! बसलेत ओसरीवर डोलत!"

कंडक्टरचा पंच हवेतच राहिला. त्यानं माझ्या शेजारी बघितलं. "आन् हे?"

"हे आमचे बापू," मी अभिमानानं म्हणालो. "यांच्यामुळंच तर सगळं जमलं!"

बापूंनी उपरणं तोंडावर ओढून घेतलं ते राजूर येईपर्यंत काढलं नाही. आणि शपथेवर सांगतो, त्या वेळी माझ्या कानात काहीसुद्धा नव्हतं.