तोंडांचं चित्र

मला चित्रात रिकामी जागा खपत नसे. कागद फुकट आलाय का, असं मी मुलांना विचारायची आणि मुलं खाली माना घालून कोपऱ्यात एखादा ढग, एखादं नारळाचं झाड कोंबायची. संकल्पचित्राच्या तासाला तर माझे हात नुसते शिवशिवायचे. उजवीकडे एक फूल असेल तर डावीकडेही एक हवंच, कारण परीक्षेत तोलाला गुण असतात. हे मी इतक्या वेळा बजावलंय की माझ्या हाताखालून गेलेली मुलं आजही जेवायला बसली की ताटातलं डावं-उजवं तपासत असतील.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या खोडीचा मोठा वाटा आहे.

सत्तर साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. पिंपरीत कामगारांच्या वसाहतीजवळच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवत होते. आमची शाळा घंटेवर चाले आणि बाकी सगळं गाव भोंग्यावर. एका कंपनीचा भोंगा थांबतो न थांबतो तोच दुसरीचा सुरू. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की सुट्टीच्या दिवशी चुकल्या-चुकल्यासारखं वाटायचं.

नववीत एक मुलगी होती. उंच, किडकिडीत, तेलाने चापून बसवलेल्या दोन वेण्या. तास चालू असताना ती मधेच मान वळवून मागच्या भिंतीकडे बघायची, कोणीतरी हाक मारल्यासारखी. मागे कोणी नसायचं. मुली फिदीफिदी हसायच्या. लक्ष नाही म्हणून मीही तिला एकदा खडू फेकून मारला होता.

मग एका दुपारी तिचे वडील आले. पहिली शिफ्ट सुटल्यावर तसेच खाकी कपड्यांत आले होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"बाई, पोरीला आवाज ऐकू येत्यात," ते म्हणाले. "माणूस कुणी नसतं, पन बोलत्यात. घान घान बोलत्यात तिला. पुण्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्यात, दिवसाला तीन. सकाळची आन् रातची घरी घेती. दुपारची तेवढी तुमच्यासमोर घेऊ द्या. पोरींसमोर नको, हसत्यात."

त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. जाता जाता दारात थबकले. "आमी दीक्षा घेतली तवा देव नदीला दिले. आता शेजारचे म्हनत्यात, देव टाकले म्हनून पोरीला बाहेरचं झालं. तिची आईबी तेच म्हनती. मी म्हनतो, आजार हाय. आजाराला औषध असतं."

इतकं सरळ बोलणं मी शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही फार कमी वेळा ऐकलं आहे. त्या माणसाबद्दल मला तेव्हाच आदर वाटला, आणि तो पुढे कधी कमी झाला नाही. म्हणून तर सगळं जास्त लागतं.

तेव्हापासून मधल्या सुट्टीत ती चित्रकलेच्या खोलीत यायची. पुडीतली गोळी तोंडात टाकायची, माठातलं पाणी प्यायची आणि माझ्याकडे बघून मान हलवायची. मी वह्या तपासत असायचे. मी तिच्याकडे बघत होते असं म्हणवत नाही. ती माझ्यासमोर होती, एवढंच खरं.

मुली चिडवतात म्हणून ती सुट्टीभर तिथेच थांबायला लागली. रिकामी बसलेली पोर मला बघवेना, म्हणून तांब्या आणि दोन वांगी मांडून दिली. पण तिची रेघ पुढे सरकेना. अर्ध्या तांब्यावर पेन्सिल थांबायची आणि ती ऐकत बसायची. मग मी तिच्या हातात कात्री दिली. जुन्या सूचनाफलकाचं प्लायवूड दिलं, घरून मैद्याची खळ शिजवून आणली आणि म्हटलं, हवं ते चिकटव. तिच्या वडिलांनी कंपनीतलं टाकाऊ सामान पिशवी भरून आणून दिलं. घासून संपलेला पॉलिश पेपर, तांब्याच्या तारेचे तुकडे, यंत्र पुसायच्या सुताचे तेलकट बोळे आणि जुन्या निळ्या नकाशांचे कागद.

तीन महिने ते चित्र चाललं होतं. मधोमध एक खोली, वरून पाहिल्यासारखी, छप्पर काढून टाकलेली. तिच्या भिंती पॉलिश पेपरच्या, खरखरीत बाजू आत. "टेकलं की सोलतं," ती म्हणाली. खोलीत तेलकट सुताची एक मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. तिला चेहरा नव्हता, फक्त दोन कान होते. आणि भिंतींच्या बाहेर चारी बाजूंनी तोंडं. कॅलेंडरमधून, मासिकांतून, साबणाच्या जाहिरातींतून कापलेली नुसती तोंडं. बायकांची, पुढाऱ्यांची, तान्ह्या बाळांची. सगळी उघडी. प्रत्येक तोंडातून एक तार निघून त्या कानांत जात होती.

"हे कोण गं?"

"बोलणारे."

"काय बोलतात?"

"मघाशी म्हणाले, बाईंना सांगू नकोस."

माझ्या अंगावर काटा आला. पण खरं सांगायचं तर त्याच क्षणी मला आनंदही झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या वर्गात कोणीतरी मी न शिकवलेलं काहीतरी काढत होतं. मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन सगळ्यांना सांगितलं. जणू तो आजार मीच शोधून काढला होता.

एके दिवशी बघते तर उजवीकडचं एक तोंड मिटलेलं. आत काहीतरी गोल, फुगीर बसवून त्यावर पतंगाचा कागद डकवला होता आणि तो लाल रंगवला होता.

"हे काय बसवलंस?"

"बी आहे, बाई. गप्प बसायची."

मला वाटलं, चिंचोका असेल, नाहीतर बटण. उजेडात ते सुरेख दिसत होतं, म्हणून मी जास्त विचारलं नाही. महिनाभरात उजवीकडची बरीच तोंडं तशी मिटली. डावीकडची मात्र उघडीच होती आणि माझी ती जुनी खोड उठली.

"एकाच बाजूला भार झालाय," मी म्हटलं. "तोल जातोय चित्राचा. डावीकडचीही भर."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "सगळी?"

"सगळी."

"दिवस लागतील, बाई."

"लागू देत की."

तिची कंपासपेटी तेव्हा वर्गात खुळखुळायची. मी त्यावरून तिला ओरडलेही होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली ती वेगळीच. अंगावर मळ, वेण्या विस्कटलेल्या. प्रार्थनेच्या वेळी कान दाबून मैदानावर बसकण मारली. एकदा भर तासात उभी राहून म्हणाली, खिडकी लावा, भोंगा माझं नाव घेतोय. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

तिचे वडील पुन्हा आले. खाकी शर्ट अंगावर लोंबत होता. त्यांनी एकच गोष्ट विचारली. "दुपारची गोळी घेती ना बाई?"

"घेते. माझ्यासमोर घेते," मी ठासून सांगितलं.

त्यांनी मान हलवली. "घरीबी घेती. मंग औषधच लागू पडंना, असंच म्हनायचं." पुडी परत मागितली नाही की नवी दिली नाही.

पंधरा दिवसांत ती यायची बंद झाली. तिच्या चाळीतली एक मुलगी म्हणाली, तिला चाकणच्या पलीकडे एका बाबाकडे ठेवलंय, तो अंगातलं उतरवतो. ज्या माणसाने देव नदीला दिले होते, तो पोरीला तिथे स्वतः सोडून आला होता. मी चुकचुकले. शेवटी माणसाचा धीर सुटतोच, असं म्हणून मोकळी झाले.

जानेवारीत शाळांचं चित्रप्रदर्शन होतं. मुख्याध्यापकांना ते चित्र फार आवडलेलं, तेच पाठवायचं ठरलं. बांधायच्या आधी पाहिलं तर एका तोंडावरचा कागद सुटला होता. मी ब्रशने खळ लावून तो बोटाने दाबला. आतलं बोटाखाली विरघळलं. लाल कागदाखालून पांढरं पीठ आलं आणि अर्धी चकती तशीच राहिली, मधोमध रेघ असलेली. मी बोट जिभेला लावलं. कडू जहर होतं.

मी खाली बसले. टेबलाच्या खणात ती पुडी अजून पडून होती. ती काढून एक गोळी त्या चकतीशेजारी धरायचीही गरज नव्हती, तरी धरून पाहिली.

आता जे लिहिते ते कोणाला कधी सांगितलेलं नाही. मी उठून त्यांच्या घरी जायला हवं होतं. वसाहत शाळेपासून हाकेच्या अंतरावर होती. मी गेले नाही. प्रदर्शन चार दिवसांवर होतं, ते आटोपलं की जाऊ, असं मनाशी म्हटलं. त्या तोंडात नवऱ्याच्या सदऱ्याचं बटण बसवलं, वर कागद डकवला, लाल रंग दिला. रंग अगदी जुळला. चित्राला दुसरा नंबर मिळाला. मी गेले ती आठव्या दिवशी.

तिचे वडील नुकते कामावरून आले होते. मी चित्राची फळी भिंतीला टेकवून ठेवली आणि एका तोंडावरचा कागद फाडून दाखवला. ते उकिडवे बसले आणि नखाने एकेक गोळी उकरून रुमालात टाकू लागले. बराच वेळ खोलीत तोच आवाज होता. मग रुमालाकडे बघत म्हणाले, "म्हंजी औषध खोटं नव्हतं."

ते माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. तिची आई चुलीशी होती, ती तेवढी म्हणाली, "बाई, तुमी तर म्हनला हुता, माझ्यासमोर घेती."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने चाकणला गेलो आणि तिथून माळावरून चालत. पत्र्याच्या शेडमध्ये ती होती. खांबाला साखळी आणि साखळी तिच्या पायात. घोट्याच्या वर मांस उघडं पडलं होतं, माश्या बसत होत्या. तिथला म्हातारा म्हणाला, आधी गप पडून असायची, ह्या आठ-दहा दिवसांतच वढून वढून पाय सोलून घेतला. मी मनात दिवस मोजले. मोजायला नको होते.

तिने मला ओळखलं. "डावीकडची भरली का, बाई?" तिने विचारलं.

वडिलांनी तिच्यासमोर रुमाल उघडला. "ह्या का न्हाई खाल्ल्या गं?"

तिला प्रश्नच कळला नाही. "बोलतात ते, आबा," ती म्हणाली. "मी कुठं बोलते? मग औषध त्यांनाच नको का?"

तिला त्याच दिवशी घरी आणलं. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्या आणि वडिलांना सांगितलं की गोळी गिळल्यावर रोज तोंड उघडून बघत जा. घरी ते बघत, शाळेत मी. आ कर, जीभ वर, दाखव. जून उजाडला तेव्हा ती नववीतच पुन्हा बसली होती. आवाज गेले नव्हते, भिंतीपलीकडे गेले होते, असं तीच म्हणाली. तांब्या आणि वांगी तिने त्या वर्षी पुरी काढली. कोपरा रिकामा होता. मी काही बोलले नाही.

ते चित्र तिने मागितलं नाही. पुढे आम्ही थेरगावला राहायला आलो तेव्हा ते माझ्याबरोबर आलं. माळ्यावर भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. गोळ्या उकरल्यामुळे तोंडं पुन्हा सगळी उघडी आहेत, फाटकी. बटणवालं तेवढं मिटलेलं आहे. माळा झाडायला मी दुसऱ्या कोणाला चढू देत नाही. सगळं कळूनही आठ दिवस गप्प बसलेलं ते तोंड माझंच आहे, असं मला वाटतं आणि ते मला कोणाला दाखवायचं नसतं.

ऐंशी साल उलटल्यानंतरची गोष्ट. पिंपरी कॅम्पात मी भाजी घेत होते. "बाई," म्हणून मागून हाक आली. तीच होती, जरा अंगाने भरलेली, नीटनेटकी साडी. एका कंपनीत पॅकिंगला लागली होती. शेजारच्या उपाहारगृहात तिने मला ओढतच नेलं. वडील निवृत्त झाले, भावाचं लग्न ठरलंय, असं सांगत होती. भराभर बोलायची, हसायची. मी तिच्या पायाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघितलं. साडीच्या काठाखाली पांढरा व्रण होता.

चहा आला. तिने पर्समधून गोळी काढली, तोंडात टाकली, पाणी प्यायली. आणि मग, बोलता बोलता, भर दुपारी, माणसांनी भरलेल्या त्या उपाहारगृहात तिने माझ्याकडे तोंड केलं, आ वासला आणि जीभ वर केली. शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. तिला त्याचं काही नव्हतं. ती माझ्यासाठी थांबली होती.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मी नीट पाहिलं. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, जिभेखाली पाहिलं. कुठे काही नव्हतं.

"मिट बाळा," मी म्हटलं.